आवाज न करणारा जनरेटर

आमच्या हिला जाऊन सहा-सात महिने झाले होते. एका संध्याकाळी मी मुलीला पुण्याला फोन केला आणि सांगितलं, की आता मी गणेशपुरीजवळच्या आपल्या वाडीवर राहायला जाणार आहे. चार दिवसांसाठी नाही, कायमचं.

मग ती म्हणाली, "पप्पा, तिकडे लाइट नाही."

"कंदील आहे," मी म्हणालो.

"कंदिलावर मोबाइल चार्ज होतो का?"

तिला उत्तर द्यायला मला नेहमीच वेळ लागतो. ती आईवर गेली आहे. मी शब्द शोधत होतो तेवढ्यात तिने अट घालून टाकली. रोज संध्याकाळी तिचा फोन मला लागला पाहिजे. खोलीत उजेड पाहिजे, पंखा पाहिजे. पावसाळा लागायच्या आत एवढी सोय झाली आणि तिने ती स्वतः येऊन पाहिली, तर मी वाडीवर राहायचं. नाही झाली तर भिवंडीचं घर बंद करून तिच्याकडे पुण्याला जायचं आणि मग वाडीचा विषय काढायचा नाही.

"कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

पुण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जावई भला माणूस आहे. माझ्यासाठी त्यांनी एक खोली राखून ठेवली आहे, तिच्यात पुस्तकांना कपाटही करून घेतलं आहे. पण वाडीवर हिने लावलेली झाडं आहेत. चिकू फळं देतो, शेवगा तर पुरे म्हटलं तरी देत राहतो. शेवटच्या वर्षी, आजार कळायच्या थोडं आधी, तिने आंब्याची कलमं लावली होती. ती अजून गुडघ्याएवढी आहेत. त्यांच्याजवळ कुणीतरी असायला हवं. शिवाय भिवंडीत आमच्या घराला लागूनच पॉवरलूमचा कारखाना. त्या खडखडाटात मी इतकी वर्षं मजेत वाचत बसलो, कारण घरात बोलणारं माणूस त्याहून मोठ्याने बोलत होतं. आता नुसताच खडखडाट राहिला होता.

वाडी म्हणजे फार काही नाही. विटांची एक खोली, वर पत्रे, पुढे पडवी, एक विहीर. ही दवाखान्यात नर्स होती आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयात. दोघांच्या सुट्ट्या जुळल्या की आम्ही एसटीने तिथे जायचो. डांबरी रस्त्यावर उतरायचं आणि भातखाचरांच्या बांधावरून चालत जायचं. विजेचे खांबही रस्त्यापर्यंत येतात, पण बांधावर चढत नाहीत. खांबासाठी अर्ज केलेला आहे. तो त्याच्या चालीने चालला आहे.

छपरावर पक्कं सोलर बसवावं असं सगळ्यांनी सुचवलं. पण पत्रे जुने. आणि अधूनमधून मी भिवंडीला येणार, तेव्हा खोली बंद राहणार. पलीकडच्या शेतावरची सोलरची पाटी अशीच कुणीतरी उतरवून नेली होती. तेव्हा जाताना उचलून नेता येईल आणि येताना उचलून आणता येईल असं काहीतरी हवं होतं. असं यंत्र मिळतं. त्याला सोलर जनरेटर म्हणतात, पण त्याला इंजिन नसतं, डिझेल लागत नाही. ती एक बॅटरीची पेटी असते, तिला प्लग लावायला जागा असतात आणि सोबत घडी घालता येणारं पॅनल असतं. दिवसा पॅनल उन्हात पसरायचं, पेटी भरते; संध्याकाळी ती वापरायची.

एखादी गोष्ट घ्यायची तर आधी तिच्याबद्दल वाचायचं, ही माझी जन्माची सवय. मी वाचायला लागलो. वॅट आणि वॅट-अवर यांतला फरक समजून घेतला. वॅट म्हणजे टाकीला नळ केवढा, आणि वॅट-अवर म्हणजे टाकीत पाणी किती, असं एकदा मनाशी बसवलं तेव्हा बरं वाटलं. बॅटऱ्यांच्या जाती वाचल्या. ज्यांनी अशा पेट्या घेतल्या आहेत त्यांचे अभिप्राय वाचले. एकाच पेटीला एक गृहस्थ देवासारखी म्हणत होता आणि दुसरा तिच्या सात पिढ्या उद्धरत होता. दोघांचंही लिहिणं मनापासूनचं होतं. मी आणखी वाचत राहिलो.

माझी मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, भिवंडीतच दोन गल्ल्या सोडून राहते. ही गेल्यापासून ती मला डबा आणून देते आणि डबा उघडेपर्यंत बोलते. एकदा ती सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आली, तेव्हा मी चष्मा लावून मोबाइलमध्ये पेट्याच बघत होतो.

"भावजी, अजून वाचताच आहात? अहो, ताईला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात. आणि या पेटीला एवढे महिने?"

"तेव्हा कुणी वाचायला काही दिलं नव्हतं," मी म्हणालो.

ती खो खो हसली. मग तिची नजर भिंतीवरच्या ताईच्या फोटोकडे गेली. मग डोळे पुसून ती म्हणाली, "ते काही नाही. रविवारी दुकानात जायचं. ह्यांना घेऊन जाऊ. मशीनमधलं ह्यांना कळतं."

'हे' म्हणजे माझे साडू. साडू आयुष्यभर लूमवर फिटर होते. त्यात त्यांचे कान गेले. म्हणजे अगदीच नाही, पण त्यांच्याशी बोललेलं सगळ्या गल्लीला ऐकू जातं. कारखान्यात इतके लूम एकदम चालतात, की नुसत्या आवाजावरून कुठला चालू आणि कुठला थांबला हे कळत नाही. म्हणून ते यंत्रावर तळहात ठेवत. हाताला थरथर लागली की चालू, नाही लागली की बंद. निवृत्त झाले तरी हात काही निवृत्त झाला नाही. फ्रिजजवळून जाताना ते फ्रिजवर हात ठेवतात, मिक्सरवर ठेवतात, रिक्षात बसले की पुढच्या दांड्यावर ठेवतात. मेहुणी म्हणते, "झोपेत माझ्या डोक्यावर ठेवतात. चालू आहे का बघायला."

दुकानदार तरुण होता आणि अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलत होता. त्याने काउंटरवर दोन पेट्या मांडल्या, एक मोठी आणि एक लहान. लहान पेटीला पंखा लावून दाखवला. पंखा गरगर फिरायला लागला. साडूंनी पेटीवर तळहात ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला.

"हे बंद आहे," ते म्हणाले.

"चालू है चाचा. ये देखो, पंखा फिरतोय ना."

"पंखा फिरतोय. पण हे कुठे चालतंय?"

"इसमें चलनेवाला कुछ है ही नहीं, चाचा. अंदर बॅटरी आहे फक्त."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. फसवला जाणाऱ्या माणसाकडे आपण ज्या दयेने पाहतो त्या दयेने पाहिलं. मग ते मोठ्या पेटीकडे वळले. तिच्यात निदान छोटा पंखा होता आणि लोड वाढला की तो घूंऽऽ करायचा. त्यांचा चेहरा खुलला.

"हीच घ्या. विहिरीवर पंप बसवायचाय ना? मोटर चालताना जेवढं खाते त्याच्या कितीतरी पट सुरू होताना खाते. ही लहानी पहिल्याच झटक्याला मान टाकील."

हे अगदी खरं होतं. मीही तेच वाचलं होतं. कलमांना उन्हाळ्यात पाणी लागणार आणि पंप असला तर बटण दाबलं की काम होणार. पण मेहुणीने मोठी पेटी कडीला धरून उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"आणि ही बांधावरून नेणार कोण? भावजींच्या पिशवीत दोन नारळ जास्त झाले तर रात्री खांद्याला बाम लागतो."

"ट्रॉली मिळेल," दुकानदार म्हणाला.

"बांधावर?" मेहुणी म्हणाली.

त्या दिवशी आम्ही काही न घेता परतलो. साडू रुसले, कारण त्यांच्या मते निर्णय झालेला होता. पण मला एक कल्पना सुचली होती. पेट्यांची वजनं मला पाठ होती आणि घरात वजनदार वस्तूंची कमतरता नव्हती. शब्दकोशाचे खंड काढून मी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर नेले आणि बरोबर मोठ्या पेटीएवढ्या वजनाचं एक गाठोडं पोत्यात बांधलं. वाण्याने रद्दीचा भाव सांगितला. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन वाडा रोडच्या एसटीत चढलो.

"काका, पोत्यात काय आहे?" कंडक्टरने विचारलं.

"शब्दकोश."

त्याने पोत्याचं तोंड उघडून पाहिलं. "सगळा?"

"अर्धाच आहे," मी म्हणालो. त्याने लगेजचं तिकीट काही फाडलं नाही.

रस्त्यावर उतरून मी गाठोडं खांद्यावर घेतलं आणि बांधावरून निघालो. पहिलं शेत चांगलं गेलं. दुसऱ्या शेताच्या कडेला मी थांबलो. तिसऱ्याच्या कडेला बसलो. शेजारच्या खाचरात आजी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला पालापाचोळा पसरत होत्या. ह्या आमच्या शेजारी. त्यांचं घर रस्त्याला लागून आहे. हिने एकदा त्यांच्या पायाची जखम महिनाभर पट्ट्या करून बरी केली होती, तेव्हापासून त्या हिला बाय म्हणत. मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नव्हतो हे मी दोनतीनदा सांगून पाहिलं आहे.

त्या येऊन गाठोड्यात डोकावल्या. "मास्तर, पुस्तकं पेरायची हायेत काय?"

मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. मोठी पेटी, लहान पेटी, पंप, मुलीची अट. त्या ऐकत होत्या आणि मी सांगता सांगता त्यांच्या घराकडे बघत होतो. दारात विजेचा मीटर दिसत होता. पावसाळ्यात इकडे आठवडा आठवडा ऊन पडत नाही. तेव्हा पेटी कशाने भरायची, हा प्रश्न मी पुष्कळ वाचून बाजूला ठेवला होता. मोठी पेटी असली की पुरवून पुरवून वापरता येईल, असं त्यावरचं माझं उत्तर होतं. बांधावर बसून धापा टाकताना मला दिसलं, की जी पेटी मला वाडीवरून आजींच्या घरापर्यंत आणता येत नाही ती पावसाळ्यात माझ्या कामाची नाही.

"आजी, पावसात माझी पेटी तुमच्याकडे चार्जिंगला लावली तर चालेल?"

"लावा की. पन चा घ्यायला लागंल. बाय कदी चा घेतल्याबिगर गेली न्हाय."

लहान पेटी ठरली ती तिथेच. राहिलं कलमांचं पाणी. मी उठून वाडीवर गेलो आणि विहिरीतून बादलीने काढून सगळ्या कलमांना घातलं. हात भरून आले, पण पाणी घालून झालं. हीही बादलीनेच घालायची. ते गाठोडं मात्र मी परत नेलं नाही. शब्दकोशाचा पूर्वार्ध वाडीवर आणि उत्तरार्ध भिवंडीत, अशी आमची वाटणी अजून आहे.

साडूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मोटर नाही उचलणार?"

"नाही."

"मग करणार काय ती?"

"दिवा, पंखा, मोबाइल."

"हात लावला तर हाताला काही लागत नाही, मोटर उचलत नाही. अहो, जनरेटर कशाला म्हणायचं तिला?" ते म्हणाले. गल्लीतल्या पुष्कळांनी हे ऐकलं.

हिचा वर्षाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम भिवंडीच्या घरी झाला. मुलगी त्यासाठी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं वाडीवर गेलो: मुलगी, मेहुणी, साडू आणि मी. पेटी मी स्वतः उचलून नेली, मुलीला हातही लावू दिला नाही. खोलीत गेल्यावर मेहुणीने कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं. मग परीक्षा सुरू झाली.

मी बाज अंगणात काढून तिच्यावर पॅनल पसरलं. पेटीला ऊन लागू नये म्हणून ती पडवीत सावलीला ठेवली. तिच्यापासून वायर आत नेऊन पंखा आणि दिवा लावला, मुलीचा मोबाइल चार्जिंगला लावला. साडू म्हणाले, "तुम्ही जा आत. मशीनजवळ माणूस पाहिजे." त्यांनी खुर्ची ओढली आणि पेटीशेजारी बसले. ते रुसवा सोडून कामाला लागले याचा मला आनंद झाला.

आत मुलगी पंख्याखाली शेवग्याच्या शेंगा सोलत बसली. पंखा छान चालला होता. आणि थांबला. मुलीने वर पाहिलं. पंखा पुन्हा सुरू झाला.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

थोड्या वेळाने पुन्हा थांबला. या वेळी बराच वेळ थांबला. मग सुरू झाला, मग लगेच थांबला. मुलीने मोबाइल काढून बघितला. तो जेमतेम भरला होता. ती काही बोलली नाही. शेंगा सोलत राहिली, आणि तिचं न बोलणं मला फार जड गेलं. तिच्या आईचं न बोलणंही असंच असायचं, निकाल लागल्यासारखं.

मी माहितीपुस्तिका काढली. लोड जास्त झाला का? एक पंखा, एक दिवा. पेटी तापली का? सावलीत आहे. वायर सैल आहे का? मी खोलीतले सगळे प्लग काढून पुन्हा घातले. पंखा सुरू झाला, आणि पुस्तिकेचं पान उलटतो तोच बंद झाला. एवढे महिने वाचलेलं सगळं मी आठवून पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे पुण्यातलं पुस्तकांचं कपाट यायला लागलं.

"पप्पा," मुलगी हळूच म्हणाली, "हे असंच बंद पडत राहिलं तर?"

तेवढ्यात मेहुणी चहाचा कप घेऊन पडवीत गेली, आणि तिचा आवाज आला.

"अहो! काय चाललंय तुमचं?"

"चालू करतोय!" साडू ओरडले. "मघापासून सारखं बंद पडतंय!"

"कुणी सांगितलं बंद पडतंय?"

"हात लावून बघ! दगडासारखं पडलंय! बटण दाबलं तरी तसंच! परत दाबलं तरी तसंच!"

"अहो, तुमच्या बटणानं आत पंखा बंद होतोय! चालू मशीन बंद करताय तुम्ही!"

मग साडूंचा आवाज आला, त्यांच्या मानाने बराच खालचा. "म्हणजे चालू होतं?"

"पहिल्यापासून!"

"मग त्याने सांगायला नको?" साडू म्हणाले. "चालू यंत्र असं गप्प बसतं का कधी?"

मुलगी उठून दारात आली होती. साडूंचा एक हात पेटीवर होता आणि दुसऱ्या हाताचं बोट बटणावर. ती हसायला लागली. भिंतीला हात लावून, हळूहळू खाली बसत, तोंडावर ओढणी घेऊन हसली. ही अशीच हसायची. एकदा हसायला लागली की आधी बसायला जागा शोधायची. मग मेहुणी हसली, मग मी हसलो, आणि शेवटी साडूही हसले. पण बोट त्यांनी बराच वेळ काढलं नाही.

त्यानंतर पंखा बंद पडला नाही. शेवग्याची आमटी आणि भात जेवून मेहुणी आणि साडू पडवीत आडवे झाले. मुलगी माझ्याबरोबर विहिरीवर आली. मी बादली ओढत होतो, ती कलमांना पाणी घालत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "पंखा बंद पडत होता ना, तेव्हा मला बरं वाटत होतं."

"का गं?"

"वाटलं, आता काही बोलावं लागणार नाही. तुम्हाला घेऊन जायचं, बस." तिने उरलेलं पाणी आळ्यात सोडलं. "तुम्ही इथे एकटे बसून राहाल. मला ते डोळ्यांपुढे येतं आणि कामात लक्ष लागत नाही."

मी बादली पुन्हा विहिरीत सोडली. तिला खोटं सांगावंसं वाटलं नाही. "बसेन," मी म्हणालो. "पण इथे बसलो की थोड्या वेळाने उठावं लागतं. पाणी असतं, पॅनल फिरवायचं असतं, आजींकडे चहाला जायचं असतं. तिकडे भिवंडीत मी बसलो की बसलेलाच असतो."

तिने माझ्या हातातला दोर घेतला आणि पुढची बादली स्वतः ओढली.

संध्याकाळच्या गाडीला मेहुणी आणि साडू निघाले. मुलीची पिशवीही बांधलेली होती. पुण्याची गाडी धरायला तिला त्यांच्याबरोबर निघायलाच हवं होतं. तिने मोबाइल पेटीवरून काढला, आणि मला वाटलं ती वेळ बघते आहे. पण तिने जावयाला फोन लावला.

"मी आज इथेच राहते. पप्पांकडे... हो, वाडीवरच... आहे ना लाइट. पंखाही आहे. उद्या येते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय हो, एवढं काय बघताय? तांदूळ कुठे ठेवलेत?"

मी तांदळाचा डबा दाखवला. मेहुणी पिशवी खाली ठेवून म्हणाली, "मग मीही राहते." पण साडूंनी तिला खेचून नेलं.

सकाळी मी उठलो तेव्हा मुलगी अंगणात होती. पॅनलवरचं दव तिने पुसून काढलं होतं आणि बाज ओढत पेरूच्या झाडाच्या पलीकडे नेली होती.

"पप्पा, सकाळचं ऊन इकडून येतं. तुम्ही काल पेरूच्या सावलीत ठेवलं होतं. निम्मं पॅनल फुकट."

"पुस्तिकेत पेरूचं काही लिहिलेलं नाही."

"लिहून ठेवा मग." तिने बाजेच्या एका पायाखाली वीट सारून पॅनल तिरकं केलं, मागे जाऊन बघितलं आणि वीट पुन्हा थोडी सरकवली. "पाऊस जवळ आला की पेटी आजींकडे. भिजवू नका. आणि आंब्याला पहिला मोहोर आला की मला कळवायचं."

"त्याला अजून दोनतीन वर्षं आहेत."

"मग दोनतीन वर्षांनी कळवा," ती म्हणाली.

मी तिला बांधावरून रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. आजींनी आम्हाला हाक मारून चहा पाजला, त्यामुळे गाडी जवळजवळ चुकलीच. कंडक्टरने दार धरून ठेवलं. पायरीवर चढता चढता मुलगी वळली. "संध्याकाळी फोन करते. बांधावर असलात तरी उचला."